मानाची काठी

माणसाची खरी योग्यता त्याच्या सोबत्यांना आधी कळते, आणि एकदा ती कळली की ते त्याला न मागता मान देतात, यावर माझा गाढ विश्वास होता. तो एका सकाळी आंघोळीच्या वेळेला बसला आणि त्याच दिवशी दिवेलागणीला उठला.

"विश्राम, आधी तू जा," सरनोबत म्हणाला.

विजापुरातल्या ज्या वसतिगृहात आमच्या कॉलेजचा बँड उतरला होता, तिथं पाणी तापवायचा बंब एकच होता. माझी पाळी येईपर्यंत त्यातलं पाणी थंड आणि कोळसे विझलेले असत. बंबाचा क्रम बँडच्या क्रमानं ठरे. आधी काठीवाला सरनोबत, मग भोंगेवाले, मग ढोलवाले आणि शेवटी झांजा. झांजा माझ्याकडे होत्या. म्हणून "आधी तू" असं ऐकल्यावर मी मागं वळून पाहिलं. बँडमध्ये दुसरा विश्राम नव्हता. कवायतीच्या पथकात या नावाचा एकही नसावा असं सगळ्यांचंच मत होतं, कारण सरांनी मला हाक मारली की निम्मी रांग पाय फाकवून सैल उभी राही.

"अरे जा की मर्दा, पाणी निवंल," मोठा ढोल वाजवणारा मगदूम म्हणाला आणि आपला चंदनाचा साबण माझ्या हातात ठेवला. हा साबण तो कागदात गुंडाळून उशाखाली ठेवत असे.

मी बाहेर आलो तेव्हा हुक्केरी माझा लाल कोट इस्त्री करत होता. हुक्केरी सगळ्यात मोठा पितळी भोंगा वाजवायचा, त्याला युफोनियम म्हणत. दोन वर्षांत तो माझ्याशी फक्त "सरक" एवढंच बोलला होता. किणीकर सर चहाचा कप बशीसकट घेऊन आले. ते आम्हांला तर्कशास्त्र शिकवत. बँड त्यांच्याकडे आला होता, कारण बँड कुणाकडे द्यायचा हे ठरलं त्या सभेला ते गैरहजर होते.

"साखर पुरेशी आहे ना रे?" सरांनी विचारलं.

मला ताप आला असावा आणि तो अजून मला कळला नसावा, अशी शंका मला आली. पण उपीट संपवता संपवता सरनोबत समोर येऊन उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हातांनी काठी पुढं केली.

"आजचा दिवस तू धर."

काठी म्हणजे काय हे बँडबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. पुरुषभर उंच, वर पितळी गोंडा, अंगावर निळी रेशमी दोरी वेटोळे घालत गेलेली. ज्याच्या हातात काठी तो सगळ्यांच्या पुढं एकटा चालतो. त्याला काही वाजवता यावं लागत नाही. सरनोबतला काहीच वाजवता येत नव्हतं, पण उंची होती.

मला काठी हवी होती ती तात्यांसाठी. तात्या म्हणजे माझे वडील. तळेवाडीत आमची पिठाची गिरणी होती. मी बँडमध्ये गेलो हे त्यांना कळलं, तेव्हा गिरणी चालू ठेवून त्या आवाजातच ते माझ्याशी ओरडून बोलले होते.

"वाजवतोस काय?"

"झांजा."

"व्हय, पर लग्नात घोड्यावर नवरा असतो. घोडा नवऱ्याला घेऊन असतो. ढोलवाला निदान घाम तरी गाळतो. झांजवाला नेमका कोण?"

तात्यांनी पट्ट्यावर हात मारून गिरणी बंद केली. एवढ्या शांततेत ते क्वचितच बोलत.

"म्होरं चालशील त्या दिवशी सांग. गिरणी बंद ठिवून बघाय यीन."

गिरणी बंद ठेवणं ही तात्यांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट होती. त्यांनी ती माझ्या बारशालासुद्धा बंद ठेवली नव्हती. त्यामुळं काठी हातात आली तेव्हा मला गोंडा दिसला नाही, बंद गिरणी दिसली.

सरनोबतनं मला अंगणात नेऊन खुणा शिकवल्या. काठी उभी वर उचलून खाली आपटली की ढोलावर पहिली थाप पडते आणि बँड सुरू होतो. डोक्यावर उंच धरली की चढा सूर. उजवीकडे कलली की वळण.

"आणि थांबवायचं कसं?"

"ते बघू. गाडी लागलीय," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. काठी गेल्याचं दुःख असणार, असं समजून मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

आता जे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं, ते सांगून टाकतो. पहाटे वसतिगृहाच्या कचेरीत माझ्या चुलत्यांचा, आण्णांचा फोन आला होता. रात्री तात्या झोपेतच गेले होते. आण्णा सरांना म्हणाले, "पोराला घिऊन लगोलग निघा. दिवस मावळंस्तवर ठेवतो, त्येच्या म्होरं न्हाई ठेवता येत. अन् वाटंत त्येला सांगू नका. शिरेस हाय एवढंच म्हणा."

सर तर्कशास्त्राचे असल्यामुळं त्यांनी विचार केला. वडील सीरियस आहेत म्हटलं की पोरगा ओळखणार. सगळे ओळखतात, कारण सीरियस असलेला माणूस आमच्या भागात कधी जिवंत सापडलेला नाही. काहीच न सांगता सहल रद्द केली, तरी ओळखणार. म्हणजे ओळखू द्यायचं नसेल, तर सहल ठरल्याप्रमाणे झाली पाहिजे. निदान गोलघुमट. हे अनुमान सरांनी पोरांपुढं मांडलं आणि ते ताबडतोब एकमतानं मान्य झालं. स्पर्धेत आमचा दुसरा नंबर आला होता, संघ दोन होते, आणि आता गोलघुमटही न बघता परत जायचं म्हणजे फारच झालं असतं. अशा रीतीनं, मला संशय येऊ नये म्हणून पंचवीस जणांनी गोलघुमट बारकाईनं पाहिला.

समोरच्या हिरवळीवर फोटो काढला. तो पुढं कॉलेजच्या वार्षिकात छापून आला. काठी घेऊन मी मध्यभागी आहे आणि दात दाखवून हसतोय. उरलेले सगळे प्रेताला खांदा द्यायला निघाल्यासारखे उभे आहेत. वार्षिकात त्याखाली 'शिस्तबद्ध पथक' असं लिहिलं होतं.

मग आम्ही वर सज्जात चढलो. घुमटाच्या पोटातून गोल फिरणारा तो सज्जा. तिथं टाळी वाजवली की ती सातदा परत येते. पण खरी गंमत वेगळी आहे. भिंतीला तोंड लावून एका टोकाला कुजबुजलं, तर पलीकडच्या टोकाला भिंतीला कान लावलेल्याला ते शब्दन् शब्द ऐकू येतं. हे वाटाड्यानं आम्हांला खाली समजावून सांगितलं होतं. मगदूम आणि हुक्केरी तेव्हा शेंगा घेत होते.

मी भिंतीला कान लावून उभा होतो. भिंत आधी नुसती घुमत होती. मग ती मगदूमच्या आवाजात बोलली.

"कवा सांगायचं त्येला?"

"सर म्हणालेत गावात पोचल्यावर," भिंत हुक्केरीच्या आवाजात म्हणाली. "सगळा गाव जमलाय म्हणं. दिवस मावळंस्तवर ह्याची वाट बघणार हायत."

"बिचारा. काठी घिऊन कसा नाचतोय बघ."

"नाचू दे की. आजच्या दिवस."

मी कान काढला. पलीकडे दूर ते दोघे शेंगांची टरफलं खिशात घालताना दिसत होते. सकाळचा बंब, चंदनाचा साबण, बशीतला चहा, सगळ्याचा उलगडा मला एका क्षणात झाला. काठी एका दिवसाची नव्हतीच. सरांनी मला बँडप्रमुख केलं होतं. माझ्या गावाला कळवलं होतं, आणि गाव जमून माझी वाट बघत होतं. तळेवाडीत यापूर्वी सगळा गाव फक्त आमदार आले तेव्हा जमला होता, आणि ते आलेच नव्हते.

मी जिना उतरून थेट सरांकडे गेलो.

"सर, मला सगळं कळलंय."

सर पायरीवर बसले. "कुणी सांगितलं?"

"घुमटानं. मगदूम वर बोलत होता, मला ऐकू आलं. त्याच्यावर रागावू नका."

सरांनी चष्मा काढला. बराच वेळ तो पुसला. "विश्राम, मला वाटलं होतं तू कोसळशील."

"कोसळतोय कशाला, सर? मी याच दिवसाची वाट बघत होतो."

सरांनी चष्मा परत घातला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"मग आता... लगेच निघू या ना?"

"घाई काय आहे, सर? दिवस मावळेपर्यंत वेळ आहे. तोवर तात्या कुठं जात नाहीत. अजून इब्राहिम रोजा राहिलाय, तोफ राहिलीय. पोरं परत कधी येणार?"

सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

"एकच मागणं आहे, सर. गावात बँड वाजत जाऊ दे. मी पुढं. तात्यांची तशी इच्छा होती."

"होती," सर म्हणाले.

"त्यांनी बोलून दाखवलं होतं. गिरणी बंद ठेवीन म्हणाले होते."

सर उठले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग मला तिथंच उभं करून त्यांनी पोरांना बाजूला नेलं. ते काय बोलले हे मला पुढं हुक्केरीनं सांगितलं. "त्याला कळलंय. आणि त्यानं ज्या धीरानं घेतलंय, तो धीर मी पुस्तकात वाचला होता, प्रत्यक्ष आज पाहिला. आता तो म्हणेल तसं करायचं. एका शब्दानं दुखवायचं नाही." धीर ही चांगलीच गोष्ट, पण पोरं परत आली ती माझ्यापासून हातभर अंतर ठेवून चालत होती.

मी म्हणेन तसं झालं. इब्राहिम रोजा पाहिला. मीनार मोजून झाले. मुलुख मैदान तोफेपाशी वाटाड्या म्हणाला, तोफेवर हात ठेवून मनातलं मागितलं की मिळतं. मी मनातलं मनात ठेवलं नाही.

"आज तात्यांनी मला या काठीसकट बघावं!"

मगदूमला रडू फुटलं. तो अंगानं ढोलाएवढाच होता आणि रडायचाही तसाच. मला वाटलं, झांजवाल्याला काठी मिळाली आणि आपल्याला नाही, हे त्याला आता लागलं. मी त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"रडतोस काय लेका? एक ना एक दिवस तुझ्यावर पण ही पाळी येणार. कदाचित पुढच्याच वर्षी."

मगदूमचे वडील दम्याचे होते. त्यानं माझा हात खांद्यावरून उचलून बाजूला केला आणि त्या दिवशी पुन्हा माझ्याशी बोलला नाही.

जेवायला खानावळीत बसलो. भाकरी, शेंगाची चटणी, मडक्यातलं दही. सगळे खाली मान घालून जेवत होते. मी वाढप्याला विचारलं, "गोड काय आहे?"

"शिरा हाय."

"आण सगळ्यांना. आज नाही खायचा तर कधी?"

शिरा आला. कुणी हात लावला नाही. सरनोबतनं आपली वाटी माझ्याकडे सरकवली. मग हुक्केरीनं. मी दोन्ही खाल्ल्या. शिरा चांगला होता, अजून आठवतो.

परतीला गाडी निघाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गाडी कॉलेजची होती, म्हणजे आधी दुसऱ्या कुणाची तरी होती. ड्रायव्हर रसूलभाई तिला 'म्हातारी' म्हणायचे. जतच्या अलीकडे एका चढावर म्हातारीनं वाफ सोडली.

रसूलभाईंनी बॉनेट उघडलं. "पाणी पायजे. लै पायजे."

तो मुलूख कसा आहे हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. बाभळी, दगड आणि पुन्हा बाभळी. पाणी होतं ते दोन शेतं ओलांडून एका विहिरीत, आणि विहीर अर्धी कोरडी. गाडीत भांडं नव्हतं. शेवटी हुक्केरीनं आपला युफोनियम तोंड वर करून धरला, तीन चाव्या दाबल्या आणि त्यात किती मावतं ते बघितलं. बऱ्यापैकी मावत होतं. आपलं वाद्य असं पाणी भरायला द्यायला हुक्केरी एरवी मेला असता तरी तयार झाला नसता.

पोरं पळत पाणी आणत होती. निम्मं पाणी वाटेत चाव्यांतून गळत होतं. सगळे सूर्याकडे बघत होते. मीही बघत होतो. पश्चिमेचं ऊन लाल कोटावर फार शोभून दिसतं, आपण नेमके त्याच वेळी गावात शिरणार, असं माझ्या मनात चाललं होतं.

इतक्यात मिरजेच्या बाजूला निघालेला एक रिकामा ट्रक आला. सरनोबतनं आडवं होऊन तो थांबवला.

"विश्राम, चढ. हा तळेवाडीच्या फाट्यावरनंच जाणार. तू पुढं हो."

"आणि तुम्ही?"

"आम्ही येतो मागनं. तू जा."

"बँडाशिवाय? एकटा जाऊन मी करू काय तिथं?"

सर पुढं आले. "विश्राम, नीट विचार कर. उशीर झाला तर आयुष्यभर मनाला लागून राहील. तू पोचणं महत्त्वाचं आहे."

"नाही, सर. झांजा घेऊन एकटा घरी गेलो, तर तात्या म्हणतील, आलास तसाच. बँड घेऊनच जाणार. तुम्ही शब्द दिलाय."

"अहो, ठरवा काय ते," ट्रकवाला म्हणाला.

सरांनी ट्रकवाल्याकडे बघून हात हलवला. ट्रक गेला. तो रिकामाच होता, रस्ताही रिकामा होता. वेळेवर पोचला असता.

म्हातारी सुरू झाली. वाटेत ती अजून दोनदा बसली. रसूलभाई दर वेळी कपाळावर हात मारून "या अल्ला, आजच्या दिवशी तरी" म्हणत. मी त्यांना धीर दिला.

तळेवाडीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा सूर्य टेकडीमागं नुकताच गेला होता, पण उजेड होता. फाट्यावरून गावात जायचा रस्ता सरळ खाली ओढ्यापर्यंत उतरतो आणि ओढ्यापलीकडे चढतो. ओढ्याच्या काठावरून धूर वर जात होता. कुणीतरी बांध पेटवला असेल. मी टोपीवरचा तुरा नीट बसवला, रांग लावली.

"कुठली धून?" सरनोबतनं विचारलं. माझ्या झांजा त्यानं घेतल्या होत्या. "संथ घेऊ या."

"संथ कशाला? जोरातली घ्या. गिरणीपर्यंत ऐकू गेली पाहिजे."

सरांनी टोपी काढून छातीशी धरली आणि ते रांगेच्या मागं गेले. मी काठी उचलली. एक क्षण कुणी हललं नाही, कुणी एकमेकाकडेही पाहिलं नाही. मग मी ती आपटली. मगदूमचे डोळे मिटलेले होते, पण हात दोन वर्षं शिकवलेला होता. ढोलावर थाप पडली.

मी चाललो. आजवर मी ज्यांच्या पाठी बघत आलो होतो ते सगळे माझ्या पाठीमागं होते आणि समोर नुसता रस्ता होता. युफोनियममध्ये पाणी राहिलं होतं, ते दर चौथ्या ठेक्याला गुळणी केल्यासारखं वाजत होतं, पण लांबून ते कळलं नसेल. दोन पोरं शेळ्या घेऊन येत होती. बँड बघून पोरं मागं धावतात. ही धावली नाहीत, बांधावर चढून उभी राहिली. एक म्हातारी डोईवरचं सरपण खाली ठेवून तोंडाला पदर लावून बघत होती. मी मान ताठ केली.

ओढ्यातून माणसं वर आली. पुष्कळ माणसं होती, जवळजवळ सगळा गाव. सगळ्यांची डोकी ओली होती. पुढं आण्णा, त्यांच्या शेजारी माझा चुलतभाऊ दगडू, उघडा, ओल्या धोतरात. स्वागताला येताना आंघोळ करून येणं हे मला आमच्या गावाच्या मानानं फार वाटलं. हार मात्र कुणाच्या हातात दिसत नव्हता.

मी त्यांच्यासमोर जाऊन जागच्या जागी पाय आपटू लागलो. मागं बँड जागच्या जागी वाजत राहिला.

आण्णा काहीतरी बोलले.

"काय?" मी ओरडलो.

"आत्ता आलास व्हय!"

"गाडी तापली होती! तात्या कुठायत?"

आण्णांनी दगडूकडं पाहिलं. दगडूनं ओढ्याकडं पाहिलं.

"काय म्हणतोय त्यो?" मागून कुणीतरी विचारलं.

"त्येला सांगितलं न्हाई काय कुणी?" आण्णा ओरडले. "आरं, तात्या गेला!"

"कुठं?"

"गेला! मेला! राती! दगडूनं अग्नी दिला आत्ता! किती येळ ठेवायचा?"

हे सगळं त्यांना बँडपेक्षा मोठ्यानं ओरडून सांगावं लागलं. जोरातली धून होती. 'मेला' हा शब्द ते तीनदा ओरडले तेव्हा मला एकदा ऐकू आला.

"थांबीव त्ये! थांबीव आधी!" आण्णांनी कानांवर हात ठेवले.

मी काठी खाली आणली. बँड वाजत राहिला. मी मागं वळलो आणि थांबा म्हणून काठी उंच धरली. उंच धरली की चढा सूर. बँड चढला. हुक्केरीनं गाल फुगवून पाण्यासकट फुंकलं. मी काठी उजवीकडे केली. पुढची रांग उजवीकडे वळून बांधाला लागली आणि तिथं उभी राहून वाजवू लागली. त्यांची चूक नव्हती. खुणेशिवाय थांबायचं नाही हे त्यांना सरांनी शिकवलं होतं. शिवाय सकाळपासून त्यांना सांगितलेलं होतं की मी म्हणेन तसं करायचं.

"आरं, थांबीव की!"

"मला येत नाही!" मी ओरडलो. "आण्णा, मला थांबवता येत नाही!"

गाव ओल्या डोक्यानं माझ्याकडे बघत होतं. मी काठी वर केली, खाली केली, फिरवली. काठी खाली आपटली गेली असावी, कारण धून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. शेवटी सरनोबत रांगेतून पुढं आला. झांजा त्यानं रस्त्याच्या कडेला ठेवल्या, माझी बोटं एकेक करून सोडवली, काठी घेतली आणि बँड थांबला. मला त्यानं आण्णांकडे तोंड करून उभं केलं होतं, त्यामुळं त्यानं काय केलं ते दिसलं नाही.

शांततेत युफोनियममधून थोडं पाणी बाहेर पडलं.

सर जवळ आले. त्यांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. "पण तू म्हणालास की तुला कळलंय," ते म्हणाले. मग त्यांना काहीतरी लक्षात आलं असावं. त्यांनी टोपी तेवढी डोक्यावर घातली.

गिरणी बंद होती.

तेराव्याला आण्णा जेवून सुपारी कातरत बसले होते. गावात बोलणं झालं होतं, त्याचा निकाल त्यांनी मला सांगितला. आमच्याकडे वय झालेल्या माणसाला वाजत-गाजत नेण्याची रीत आहे, तेव्हा मी बँड आणला यात गावाला वावगं काही दिसलं नव्हतं. उलट पोरगं शिकलंय पण रीत विसरलं नाही, असंच लोक म्हणत होते.

"बँड बरा हुता," आण्णा म्हणाले. "कापडं बी चांगली हुती. घटकाभर आदी आला असता तर उपेगी पडला असता."

कॉलेजात परत गेलो. काठी सरनोबतकडे होती आणि झांजा माझ्या जागेवर ठेवलेल्या होत्या. बंबाला माझी पाळी पुन्हा शेवटी आली. मगदूम बोलायला लागला, पण साबण त्यानं दिला नाही. एके दिवशी सराव संपल्यावर मी सरनोबतला विचारलं, बँड थांबवायचा कसा?

त्यानं करून दाखवलं. काठी दोन्ही हातांनी छातीशी आडवी धरायची. एवढंच असतं.